बोटभर वाढदिवस

साऱ्या कुलाबा जिल्ह्यात खरं माप सांगणारा एकच माणूस होता, आणि तो पनवेलला आमच्या भिंतीला भिंत लावून राहत होता. हे मूळचं माझं मत नाही, त्यांचंच आहे. पण ते त्यांनी इतक्या शांतपणे सांगितलं होतं की पुढे मीही ते माझंच म्हणून सांगू लागलो. तीस-बत्तीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजून ते निवृत्त झाले आणि घरी येताना लिलावात निघालेली एक जुनी लोखंडी साखळी विकत घेऊन आले. तेहतीस फुटांची साखळी, तिचे सोळा भाग, प्रत्येक भागाला मोजणीदार 'आणा' म्हणत, आणि दर आण्याला एक पितळी बिल्ला. निवृत्त माणसं पोथी वाचतात, गुलाब लावतात. आमच्या शेजाऱ्यांनी आळीतली मुलं मोजायला घेतली. मुलांनी त्यांचं नाव साखळीकाका ठेवलं आणि काही वर्षांनी पोस्टमनही त्यांना त्याच नावाने हाक मारू लागला. ते बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी. शनिवारी त्यांच्या घरी चूल पेटत नसे की कुठलं काम होत नसे. काका ओसरीवर मांडीवर हात ठेवून बसत आणि 'वाजले किती?' असं विचारलं तरी 'उद्या सांगतो' म्हणत.

तो उद्या म्हणजे रविवार मुलांचा असे. सकाळी सातला सहल निघायची. काका मात्र तिला सहल म्हणत नसत, 'फिरती' म्हणत. साखळीची पुढची मूठ काकांच्या हातात आणि मागे एकेका बिल्ल्याशी एकेक मूल, अशी ती वरात आळीतून बाहेर पडे. निघण्यापूर्वी हजेरी होई. 'आज चौदा आणे आहेत,' ते माझ्या बायकोला ओट्यावरून सांगत, 'दोन आणे गोवरात.' पुढे सरकारने नवे पैसे आणले तेव्हा काका आठवडाभर अस्वस्थ होते, पण साखळीत त्यांनी आणेच चालू ठेवले. माझी मुलगी कुमुद पाचव्या आण्यावर असे. शाळेत 'तुझं नाव काय' विचारल्यावर तिने एकदा 'पाचवा आणा' असं सांगितलं होतं. मी त्याच शाळेत गणित शिकवत असल्यामुळे ते मला मधल्या सुट्टीत कळवण्यात आलं.

कर्नाळ्याला म्हणून निघालेली फिरती तीन वर्षांत एकदाही कर्नाळ्याला पोचली नाही. किल्ल्याचा सुळका दिसू लागला की मुलं आरडाओरडा करायची, आणि नेमका तेव्हाच काकांना बांधावरचा एखादा हद्दीचा दगड तिरपा दिसायचा. मग किल्ला राहिला बाजूला. एकदा भात कापून झालेल्या शेतात त्यांनी चौदाही आणे उतरवले. शेताचा मालक धावत आला. 'काका, ह्यो दगड आमी नाय हलवला. आजा होता तवापासून इथंच हाय.' काका म्हणाले, 'दगड इथंच आहे हो. शेत पुढे गेलंय.' दुपारपर्यंत मोजणी चालली. शेवटी त्या शेतकऱ्याचीच वीतभर जमीन पलीकडच्या शेतात गेलेली निघाली. आपण लुटले गेलो आहोत हे कळल्यावर तो इतका खूश झाला की त्याने तिथेच पोपटी लावली. मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा खाऊन, कपड्यांना धुराचा वास घेऊन मुलं संध्याकाळी घरी आली. 'किल्ला पाहिलास का गं?' असं बायकोने विचारलं तर कुमुद गंभीरपणे म्हणाली, 'नाही. पण तिकडच्या माणसाने वीतभर चोरलीय.'

कुमुदची गोष्ट जरा निराळी होती. ती अधिक श्रावणात जन्मली. आमच्याकडे वाढदिवस तिथीने होत आणि तिथी माझ्या आईच्या ताब्यात होत्या. 'अधिकात जन्मलेलीचा वाढदिवस अधिकातच,' आई म्हणाली. 'निज श्रावणात ती जन्मलेलीच नाही.' मी भीत भीत तारखेचं सुचवलं. 'तारखा साहेबाच्या. साहेब गेला,' असं म्हणून तिने तो विषय संपवला. गुरुजींनी पंचांगं चाळून सांगितलं की पुढचा अधिक श्रावण मुलगी एकोणीस वर्षांची होईल तेव्हा येईल. 'मग तेव्हा करू,' आई म्हणाली, जणू काही दिवाळी झाल्यावर करायचं होतं. कुमुदच्या दोन्ही भावांना दरवर्षी पाटावर बसवून ओवाळलं जाई आणि ती पाटाच्या कडेला बसून बघत राही. पाच वर्षांची असताना तिने मला विचारलं, 'बाबा, मी कधी जन्मणार?' वर्गातल्या चाळीस पोरांना दरडावणारा मी आईपुढे गप्प बसलो होतो. त्याची मला आजही लाज वाटते.

हा प्रश्न भिंतीपलीकडे ऐकू गेला असावा. पुढच्याच रविवारी काका सुताराचा काटकोनी गुण्या आणि पेन्सिल घेऊन आमच्या दारात उभे राहिले. 'आजी,' ते आईला म्हणाले, 'वाढदिवस या शब्दात जन्म कुठे आहे?' मग त्यांनीच शब्दाची फोड केली. 'वाढ आहे आणि दिवस आहे. मूल ज्या दिवशी वाढलेलं सापडेल तो वाढदिवस. तिथीचा काही संबंध नाही.' मग जरा आवाज उतरवून म्हणाले, 'आमच्यातही एक जादा महिना येतो. दुसरा अदार. मी त्यातलाच. लहानपणी मीही पुष्कळ वाट पाहिली आहे.' दुसऱ्यांचं पंचांगही आपल्यासारखंच वागतं हे आईला नवीन होतं. ती दारातून बाजूला झाली आणि म्हणाली, 'पण ओवाळायचं नाही हं.'

त्या दिवशी कुमुदला चौकटीशी उभं करून पहिली रेघ ओढली गेली. नियम साधा होता. दर रविवारी फिरतीआधी तिने चौकटीशी उभं राहायचं, काकांनी डोक्यावर गुण्या टेकवायचा, आणि मागच्या रेघेपेक्षा आडवं बोटभर वर गेली असेल तर वाढदिवस. मग काकू पोहे, गूळ, खोबरं आणि केळी घालून त्यांच्याकडचा मलिदा करून आणत. सरकारी नोकरीत काकांनी कधी मलिदा खाल्ला नाही असं गावात सांगत. तो सगळा निवृत्तीनंतर आमच्या ओसरीवर खाल्ला. पहिल्या खेपेला आई माजघरात बसून राहिली. दुसऱ्या खेपेला 'मोजणी झालीच आहे तर' असं पुटपुटत निरांजन घेऊन बाहेर आली. एका वर्षी कुमुदचे तीन वाढदिवस झाले आणि तिच्या भावांनी आजीकडे तिथीविरुद्ध तक्रार केली. विषमज्वराच्या वर्षी मात्र एकही झाला नाही. 'काका, पोर अंथरुणातून उठलीय,' मी म्हणालो, 'ओढून टाका की रेघ.' त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू मी रातोरात बांध सरकवायला सांगत होतो. 'मास्तर, दगड एकदा हलवला की परत जागेवर बसत नाही.'

अशी दहा-अकरा वर्षं गेली. काकांचे दोन्ही मुलगे आधीच इस्राएलला गेले होते. आता त्यांनी आईवडिलांना बोलावून घेतलं. ही बातमी आली तेव्हा कुमुद पंधरा वर्षांची होती आणि वर्षभरात दोऱ्याइतकीही वाढली नव्हती. 'काका जायच्या आत एक तरी व्हायला हवा,' असं तिने माझ्या बायकोला सांगितलं आणि ती कामालाच लागली. दूध पिऊ लागली, जे तिला आवडत नसे. सकाळ-संध्याकाळ माजघराच्या तुळईला लोंबकळू लागली. आजी खालून 'अगं, हात लांब होतील, तू नाही' म्हणायची. शेवटचा रविवार आला. शेजारी ट्रंका बांधून झाल्या होत्या. कुमुद चौकटीशी हनुवटी वर करून उभी राहिली आणि तिने डोळे मिटून घेतले. काकांनी गुण्या टेकवला. बराच वेळ बघितलं. चष्मा काढला, पुसला, परत लावला, परत गुण्या टेकवला आणि रेघ ओढली. 'बोटभर,' ते म्हणाले. 'बरोबर बोटभर.' काकूंनी ट्रंकेतलं पातेलं बाहेर काढून मलिदा केला. आईने ओवाळलं. जाताना काकांनी साखळी कुमुदच्या हातात दिली आणि म्हणाले, 'एक इंच ताणलेली आहे. लक्षात ठेव.'

बघता बघता एकोणीस वर्षं भरली आणि अधिक श्रावण आला. काकांचं पत्र त्याच्याही आधी आलं, फूटपट्टीवर लिहिल्यासारख्या सरळ ओळींचं. 'यंदा अधिक श्रावण येतो असे गणिताने दिसते. चि. कुमुदचा पहिला वाढदिवस यथासांग करावा. उंची कळवावी.' आई आता वाकली होती, पण तिथी विसरली नव्हती. तिने पहाटेच पाट मांडला. ओवाळायच्या आधी मी काकांचा गुण्या काढला आणि कुमुदला चौकटीशी उभं केलं. गुण्या वरच्या रेघेला लागेना. 'नीट उभी राहा,' मी म्हणालो. ती नीटच उभी होती. मी परत टेकवला. कुमुद शेवटच्या रेघेपेक्षा बोटभर खाली होती, तिच्या आधीच्या रेघेला अगदी बरोबर. गणिताचा मास्तर असून मला समजायला वेळ लागला. कुमुद हळूच म्हणाली, 'बाबा, मला तेव्हाच माहीत होतं. डोक्याला गुण्या लागलाच नव्हता.'

निरांजन हातात धरून आई त्या रेघेकडे बघत होती. 'म्हणजे एक वाढदिवस त्यांनी पदरचा दिला,' ती म्हणाली, आणि कुमुदला ओवाळण्याआधी तिने चौकटीवरच्या त्या रेघेला ओवाळलं.

दुपारी मी काकांना उत्तर लिहायला बसलो. सगळी खुशाली लिहिली, पोहे-गुळाचा मलिदा आम्हाला काकूंसारखा जमला नाही हेही लिहिलं. शेवटी लिहिलं, 'कुमुदची उंची आपण ओढलेल्या रेघेला बरोबर आहे.' कुमुदने ते वाचलं आणि पाकिटाला डिंक लावून दिला. मग ते पत्र मी स्वतः टपालात टाकून आलो.