तीन दिवसांचं सुतक
निलगिरी तेलाचा वास आला, की देवासचं आमचं कारखान्याचं क्वार्टर आठवतं. सासरे अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले होते आणि सहा वर्षं निलगिरी तेलाच्या मालिशीपासून त्यांचं सगळं मी एकटीच करत होते. धारला माझे वडील आजारी पडले, तेव्हा मी दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या जाऊबाईंना विनवलं, "दोनच दिवस याल का?" त्या म्हणाल्या, "माझ्याच्यानं नाही होणार गं. तुला सवय आहे." आठवड्यानं वडील गेल्याची तार आली, तशा त्याच जाऊबाई लगेच आल्या. "जा, तीन दिवस सुतक आहे तुला." मी पोचले तोवर सगळं आटोपलं होतं. बायका रडत होत्या, आणि मी भिंतीला टेकून गाढ झोपले. "कशी पोरगी आहे!" कुणीतरी म्हणालं. आज सत्तरी उलटली, तरी त्या तीन दिवसांतली मला फक्त झोपच आठवते.