अक्काचं पांढरं फडकं

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी केजच्या घरी भाकरी थापत होते. "मावशी, आई..." एवढंच भाचा बोलला आणि मला पुढचं कळलं. आठवड्यापूर्वीच मी तिला भेटून आले होते. बाजेवर पडून होती, बोलताना धाप लागत होती. तेवढ्यात रस्त्यानं एक टेम्पो गेला, तशी मान वळवून म्हणाली, "शोभे, ह्याचा फिल्टर कुणी साफ करतंय का न्हाई? घोरतंय बघ कसं." स्वतःला श्वास पुरत नव्हता आणि काळजी दुसऱ्याच्या गाडीची!

माझी ही थोरली बहीण चौसाळ्याच्या पुढच्या एका लहान गावात महिला दूध संस्थेची चेअरमन होती. आमच्या बुद्धविहाराजवळच्या आणि वरच्या आळीतल्या बायांना एका संस्थेत तिनंच बसवलं. दाजी काळी-पिवळी जीप चालवायचे. ते गेल्यावर भाऊबंद म्हणाले, विकून टाक. अक्का आधी गाडी चालवायला शिकली, मग बीडच्या एका उस्तादाच्या गॅरेजात स्टुलावर बसून "हे कावून? ते कावून?" विचारत त्याचं डोकं खाऊ लागली. शेवटी शिकवलेलं बरं, असं उस्तादालाच वाटलं. पुढे तीच जीप तिनं संस्थेच्या दुधाला लावली. विनम्र वगैरे ती मुळीच नव्हती. "मला येतंय ते येतंय म्हणायला लाज कशाची?" असं बिनदिक्कत म्हणायची, आणि मला तिचं तेच आवडायचं.

एका मोठ्या दुष्काळात बोअर आटले, निम्मं गाव ऊसतोडीहून परतलंच नाही. राहिलेल्यांचा जीव दुधावर. दूध रोज बीडच्या शीतकरण केंद्रात पोचवायचं, त्या उन्हात ते दुपारपर्यंतही टिकत नसे. आणि नेमकी जीप निळा धूर सोडायला लागली. ड्रायव्हर भानुदासनं इंजिनाला हवा नेणारा रबरी पाइप काढला, तर आत तेलच तेल. उस्ताद मुद्दाम गावात आला, बघून म्हणाला, "अक्का, रिंगा गेल्या. इंजन खोलना पडेगा." म्हणजे पिस्टनवरच्या कड्या झिजल्या आणि काही आठवडे गाडी बंद. संस्थेच्या दारात बाया बसल्या होत्या. त्यांतली सखूबाई हळूच म्हणाली, "मंग माझ्या म्हशीला बाजार दावावाच लागंल..." एकीची म्हैस गेली की बाकीच्यांच्या जायला वेळ लागत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. संस्था त्या दिवशी तिथंच मोडायची.

मी सुट्टीत तिथंच होते. अक्कानं पदर खोचला आणि बुद्धवंदनेला नेसायच्या जुन्या पांढऱ्या साडीचं फडकं घेतलं. "पांढऱ्यावर काय लपत न्हाई," म्हणाली. इंजिन चालू ठेवून तिनं त्याच्या पोटातला वाफारा त्याच रबरी पाइपात सोडणारी बारीक नळी काढली, तोंडाशी तळहात धरला. "रिंगा गेल्या असत्या तर हितून भकाभका धूर आला असता. हे तर नुसतं फुंकर मारतंय." गाडी बंद करून नळीत फडकं फिरवलं, ते जवळजवळ कोरडंच निघालं. मग फिल्टरकडचा मोठा पाइप पुसला, तर फडकं चिकट, काळं, मातीसकट! "तेल इंजनातून येत न्हाई उस्ताद, फिल्टरमधून येतंय." जुन्या जीपच्या फिल्टरखाली तेलाचं भांडं असतं, हवेतली धूळ त्यात अडकते. तिनं ते उतरवलं, तर काठोकाठ भरलेलं.

भानुदास खाली बघत म्हणाला, "अक्का, यंदा धूळ लई हाय. म्हणलं तेल जास्त आसलं की जास्त धूळ धरंल..."

"अरे, लेकराला वाटीभर तूप पाजलं तर पचतंय का? ते जास्तीचं इंजन पितंय!" अक्का हसली, पाठोपाठ उस्तादही हसला. पण मान हलवत म्हणाला, "और वजह ये नहीं निकली तो?" तिनं भांडं डिझेलनं धुतलं, खुणेइतकंच तेल घातलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "उद्या बीडात शिरताना धूर दिसला तर चेअरमन दुसरी बघा."

सकाळी स्टेअरिंगवर तीच बसली. मागे कॅनांसोबत सखूबाई आणि मी. चौसाळा आला तरी धूर होताच... मी पुढे ओरडून तसं सांगितलं. "आत साचलेलं जळतंय, दम धरा," पुढून आवाज आला. मांजरसुंब्याचा घाट उतरताना धूर विरळ झाला. पालीजवळ मी मागे वळून पाहिलं, तर लख्ख रस्ता! सखूबाईनं कॅनवर थाप मारली, "न्हाई इकत म्हैस, जा!"

त्या वर्षी आमच्या संस्थेतली एकही म्हैस बाजारात गेली नाही. हे मी आजही छाती काढून सांगते. तेव्हापासून नियमच झाला. गाडी निघण्याआधी भानुदासनं पाइप पुसायचा, फडकं संस्थेच्या ओट्यावर बसलेल्या अक्काला दाखवायचं आणि तिनं हात हलवला की निघायचं. जीप गेली, नवा पिकअप आला, त्यात तेलाचं भांडंही नाही. नियम मात्र राहिला.

अक्काच्या पुण्यानुमोदनाचा विधी झाला, त्याच्या दुसऱ्या सकाळी मी संस्थेच्या खिडकीत होते. आता केस पिकलेल्या भानुदासनं पाइप पुसला आणि सवयीनं फडकं ओट्याकडे धरलं. ओटा रिकामा होता. त्याला हात खालीही घेता येईना... दुधाच्या रांगेतून सखूबाई निघाली. कॅन खाली ठेवला, ओट्यावर अक्काच्या जागी बसली आणि फडकं हातात घेऊन उजेडात नीट उलटंपालटं केलं.

"कोरडं हाय," ती म्हणाली. "जाऊ दे गाडी."