पस्तीस किलोचा डबा

सायकलच्या दुकानात इतकी वर्षं बसून एक गोष्ट मला पक्की कळलीये. माणूस एक वेळ वय खरं सांगेल, पगारसुद्धा सांगेल, पण वजन? नाव नको! म्हणून बॅटरीच्या सायकली विकायला लागलो तेव्हाच मी कागदावर दोन रकाने आखले: चालवणाऱ्याचं वजन आणि सामानाचं वजन. पहिल्यात लोक बिनधास्त थापा मारतात आणि दुसऱ्यात मनाला टोचलं की भरपाई करतात. बेरीज बहुतेक बरोबर येते.

मोठ्या सिस्टर आल्या त्या दिवशी मात्र माझं पेन अडखळलं. टेकडीवरच्या इस्पितळात नवजात बाळांच्या खोलीत त्यांची चोवीस वर्षं गेली. अर्ध्या गावाचं पहिलं वजन त्यांनी केलंय, माझ्या मुलीचंही. अंगानं भरभक्कम, गुडघा अधू, आणि आवाज असा की रडणारं बाळ आधी गप्प बसतं, मग विचार करतं.

"टेकडीवरची बस बंद केली मेल्यांनी," त्या स्टुलावर बसत म्हणाल्या. "सातला हजेरी. या महिन्यात एकदा उशीर झालाय. तीनदा झाला की मला तळघरात, कागदपत्रांच्या खोलीत बसवणार. तिथे काय मी फायलींना लंगोट बांधू?"

बोलताना त्या हसल्या, पण रुमालाची पार सुरळी झाली होती.

"वजन?" मी कागदात डोकं घालून विचारलं.

"पंच्याऐंशी."

"आणि सामान?"

"पस्तीस किलो."

"रोज?"

"रोज."

"काय असतं एवढं?"

"डबा."

"पस्तीस किलोचा डबा?"

"मला भूक लागते. तू लिही ना, तुझं काय जातंय?"

मी लिहिलं. मग त्यांना कोपऱ्यातली दणकट सायकल दाखवली. जाड नळ्या, जाड तारा, एकशे साठ किलो झेपणारी.

"ही? अरे, मी काय सिमेंटची पोती आहे?" त्यांची नजर दारातल्या सडपातळ निळीवर गेली. "ती दे."

"तिला एकूण शंभरच किलो चालतात, सिस्टर."

"मग डबा हलका करीन."

भीड ही भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही. मी मूर्खासारखी निळी एका दिवसासाठी चालवून बघायला दिली.

दुसऱ्या दिवशी ड्युटी संपवून त्या आल्या त्या निळीला ढकलतच. पाण्याच्या टाकीजवळच्या वळणावर मोटर तापून बंद पडली होती. उरलेला चढ बाई अधू गुडघ्यानं, ती बंद सायकल ढकलत चढल्या. सात पंचवीस. दुसरा उशीर.

"दगाबाज आहे तुझी सायकल!"

माझंही डोकं फिरलं. "सायकल नाही, डबा दगाबाज आहे तुमचा!"

त्यांनी रुमालाची पुन्हा सुरळी केली. मला माझीच लाज वाटली, पण आता माघार घेऊन भागणार नव्हतं.

"सिस्टर, माझी मुलगी सातव्या महिन्यात झाली. तुम्ही तिला काट्यावर ठेवलंत आणि मी हात जोडून म्हणालो, दीड किलो म्हणा ना."

"एक किलो चारशे दहा," त्या ताबडतोब म्हणाल्या.

"तेव्हा काय सुनावलं होतंत? काट्यावर लाड चालत नाहीत. औषध वजनावर ठरतं. तुझ्या समाधानासाठी नव्वद ग्रॅम वाढवले तर भोगेल ही."

तेव्हा मला त्यांचा भयंकर राग आला होता. आज ती पोर माझ्याहून चार बोटं उंच आहे.

"मोटरचंही तसंच आहे," मी म्हणालो. "वजन खोटं सांगितलंत तर तुमचा गुडघा भोगेल. आणि वरची बाळं."

मागच्या खोलीत पार्सल तोलायचा काटा आहे. त्या उठल्या आणि चपला काढल्या.

"तोंड भिंतीकडे कर. आणि हसलास तर याद राख."

मी भिंतीकडे वळलो. काटा कुरकुरला. मग तो बाळांच्या खोलीतला आवाज आला, खणखणीत, एक ग्रॅम इकडे नाही की तिकडे नाही:

"एकशे एकोणीस किलो सहाशे ग्रॅम. लिही."

"सामान?"

"काही नाही रे. डबा वरच मिळतो, खानावळीतून."

आधी हसल्या त्या. मग मला परवानगी होती.

रविवारी दणकट सायकल घेऊन आम्ही टेकडीवर गेलो. निळीची मोटर चाकात असते, हिची पेडलपाशी, त्यामुळे चढावर गिअर तिच्या मदतीला येतात. उतरताना, तेलाच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकची सवय व्हावी म्हणून, मी त्यांना तीनदा थांबायला लावलं, कारण चढाला फजिती होते आणि उताराला जीव जातो. "मी बाळ नाहीये," असं त्या तीनही वेळा म्हणाल्या, पण थांबल्या.

सोमवारी सहा वाजल्यापासून मी फोन समोर ठेवून बसलो होतो. चहा दोनदा गार झाला. सात वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला.

"सहा पन्नासला पोहोचले," मागे कुणीतरी टाहो फोडत होतं, म्हणून त्या ओरडून सांगत होत्या. "आजचं पहिलं वजन झालं. दोन किलो नऊशे साठ. बाप म्हणतोय, तीन लिहा."

"मग?"

"म्हटलं, वजनाबद्दल खोटं बोलायचं असेल तर खाली सायकलवाल्याकडे जा. तो भिंतीकडे तोंड करायला लावतो."

"अहो, ते तुम्ही मला लावलंत!"

"तू लिही ना, तुझं काय जातंय?" म्हणाल्या, आणि बाळाकडे धावल्या.