भरवशाचा चेहरा

निवासी डॉक्टरच्या जागेसाठी केलेला अर्ज दोनदा नाकारला गेल्यावर थोरल्या लेकीने सगळं खापर फोटोवर फोडलं. मार्क काही आता बदलता येणार नव्हते, आणि यंदाची संधी शेवटची होती. मैत्रिणीचा कोट चढवून ती स्टुडिओतल्या स्टुलावर बसली.

"हसा ताई. दात नकोत, पण भरवसा वाटला पाहिजे," फोटोग्राफर म्हणाला.

तिने कसेबसे ओठ ताणले.

"अहो, फोटो काढतोय, दाढ नाही!"

रडू फुटायच्या बेतात असताना तिला तो चेहरा आठवला. पेशंटच्या नातेवाइकांशी बोलायला जाताना करायचा, वॉर्डात शिकवलेला. मान किंचित कलती, ओठ मिटलेले, डोळे मऊ.

"हाच!" फोटोग्राफर खूश झाला.

घरी येऊन तिने मोबाईल आईपुढे धरला. "बघ ना गं, आता तरी घेतील?"

आईने चष्मा लावला, बघितलं आणि लगेच काढून ठेवला.

"तुझे बाबा गेले तेव्हा आयसीयूतून डॉक्टर बाहेर आले होते ना," ती म्हणाली, "तोंड उघडायच्या आधी ते अगदी असेच दिसत होते."

लेकीने अर्जाला तोच फोटो जोडला. दुसरा चेहरा तिच्याकडे उरलाच नव्हता.