तेवीस चाकूंचा पंचनामा

ती झडती मी विसरलेली नाही. विसरण्याचा प्रयत्नही कधी केला नाही.

पोलीस खात्यात माझी नोकरी पुष्कळ वर्षं झाली, पण सुरुवातीला मी पोलीस नव्हते. निजामाचं राज्य संपवणारी पोलीस ॲक्शन होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. बिदर जिल्हा तेव्हा हैदराबाद राज्यात होता. ठाण्यात बायकांची झडती घ्यायला एक बाई लागायची. गावातल्या शिंप्याची बायको, चौथी शिकलेली, वर मान करून कुणाशी न बोलणारी, म्हणून मला घेतलं. न बोलणारी बाई ठाण्याला सोयीची असते, हे मला पुढे कळलं. ठाण्याचं नाव लिहीत नाही, माणसांचीही लिहीत नाही.

ठाण्याचे मुख्य अमीनसाहेब. त्यांच्या हाताखाली एक जमादार, लिहिण्याचं काम करणारा एक मोहरीर आणि सात-आठ जवान. माझी जागा जप्तीचा माल ठेवायच्या मालखान्याच्या दाराशी, पोत्यावर. बायकांचं काही प्रकरण आलं तर मला हाक मारायचे. एरवी मी दिवसभर गप्प बसून ऐकायची. गप्प बसणाऱ्या माणसासमोर लोक काहीही बोलतात.

खबर सकाळी आली. घेऊन आलेला माणूस शेजारच्या गावचा, एका कचेरीत शिपाई होता. धुतलेला सदरा, पांढरी टोपी.

"साहेब, आमच्या गावाबाहेर धनगराची एक म्हातारी चाकू जमा करायलीय. बाप्ये येऊन देऊन जायलेत. निंबर्ग्याहून येतेत, संतपूरहून येतेत. पेटी भरलीय."

"तू बघितलेस?"

"ह्या डोळ्यानं."

हत्यारं सरकारात जमा करा म्हणून गावोगाव दवंडी होऊन गेली होती. बंदुका आल्या, तलवारी आल्या. चार बोटांहून लांब पात्याचा चाकूही हत्यार धरायचा, असं अमीनसाहेबांनी ठरवलं होतं. साहेब बाहेरून बदलून आलेले, नवे. या भागात त्या काळात झालेली मारकाट ऐकूनच आले होते, त्यामुळे पेटीभर चाकू म्हटल्यावर ते दचकले, यात त्यांचा दोष मी धरत नाही. पुढचं मात्र धरते.

आम्ही सहा जण गेलो. पंच म्हणून गावचे पोलीस पाटील आणि तो शिपाई. खबर देणाराच पंच, हे बरोबर नव्हतं, पण मला कोण विचारणार.

म्हातारी झोपडीपुढे बसली होती. एक मेंढी आडवी पाडून गुडघ्याखाली दाबलेली, आणि हातातल्या चाकूने तिचं वाढलेलं खूर कापणं चालू होतं. चाकू मिटायचा, एडक्याच्या शिंगाच्या मुठीचा. मुठीला दोरी, दोरी कमरेला. सगळे तिला अक्का म्हणत. आम्हाला बघून तिने हात थांबवला नाही.

"कोण मेलं?" तिने विचारलं.

"कुणी मेलं न्हाई, अक्का," जमादार म्हणाले. "झडती हाय."

"घ्या की. पिसवा घावतील."

खूर पुरं कापून तिने पातं लुगड्याला पुसलं, चाकू मिटला आणि सोडून दिला. तो दोरीला तसाच लुगड्यावर लोंबत राहिला. हे सगळ्यांनी पाहिलं.

झोपडीत लाकडी पेटी निघाली. आत घोंगडीचा लांब पट्टा गुंडाळलेला, आणि त्यात ओळीने खोचलेले बावीस चाकू. सगळे मिटायचे, शिंगाच्या नाहीतर बाभळीच्या मुठीचे. कुणाची मूठ झिजून बारीक झालेली, कुणाला तांब्याची तार गुंडाळलेली. अमीनसाहेबांनी तीन-चार उघडून पाहिले. धार अशी की नखावरून फिरवली तर साल निघेल.

"ठेवलेला चाकू गंजतो," साहेब म्हणाले. "हे सगळे काल लावल्यासारखे. कशाची तयारी चाललीय, म्हातारे?"

"उद्याची," ती म्हणाली.

मोहरीरने ते लगेच लिहून घेतलं.

मी तिला झोपडीमागे नेऊन अंगझडती घेतली. कमरेच्या चाकूशिवाय काही नव्हतं. तो सोडायला लागले तर तिने माझं मनगट धरलं.

"हा बी नेलास तर खुरं दातानं कापू का, पोरी?"

"अक्का, मला सांगितलंय."

"तुला सांगितलंय म्हणून नेतीस. बरं. गाठ सोडून ने, दोरी कापू नगंस."

मी गाठ सोडली. सुटायला वेळ लागला, ती वाट बघत उभी राहिली.

पंचनामा खाटेवर बसून उर्दूत लिहिला गेला. पाटलांनी न वाचता सही केली, शिपायाने केली. मग टाक माझ्या हातात आला. मला उर्दू वाचता येत नव्हतं. त्याआधी चार-पाच वेळा मी अशीच सही केली होती. त्या दिवशी काय झालं सांगता येत नाही, पण तिने धरलेलं मनगट अजून दुखत होतं.

"वाचून दाखवा की," मी म्हटलं. आवाज इतका बारीक निघाला की पुन्हा म्हणावं लागलं.

मोहरीर हसला. "जे झालं तेच लिहिलंय, बाई."

"मग वाचा."

त्याने जमादाराकडे पाहिलं, जमादाराने साहेबांकडे. शेवटी जमादारानेच वाचून मराठीत सांगितलं. त्यात होतं की म्हातारीने तेविसावा चाकू कपड्यात लपवून ठेवला होता, तो झडतीत निघाला.

"लपवलेला नव्हता," मी म्हटलं. "वर लोंबत होता. साहेबांनी पण बघितलाय."

"बाई, तुला नोकरी नको झाली का?" साहेब शांतपणे म्हणाले.

"नोकरी पाहिजे, साहेब. पण हे मी केलेल्या झडतीचं हाय, आन् तसं झालं न्हाई."

'लपवून' या एका शब्दाने काय होणार होतं, ते मला ठाण्यात बसून बसून माहीत झालं होतं. उघड बाळगलेला चाकू म्हणजे वापरायची वस्तू, लपवलेला म्हणजे हत्यार. माझ्या सहीची जागा कोरी ठेवून, कागद गुंडाळून, अक्काला आणि पेटी घेऊन ते निघाले.

ठाण्यात चौकशी सुरू झाली. साहेबांचा एकच प्रश्न, चाकू कुणाकुणाचे? अक्का सांगेना.

"नावं सांगितलीस तर तू साक्षीदार. नाही सांगितलीस तर बिदरचा तुरुंग. निदान सहा महिने."

"मेंढरं संगं येऊ देताव का? मग चला."

"थट्टा करू नकोस."

"थट्टा तुमी करायलाव, साहेब. चाळीस मेंढरं हाईत, निम्म्याला खुरी लागलीय, खुरं कुजायलीत. घरी सून एकटी, तिला खूर धरता येत न्हाई. सहा महिन्यानं मी येईन तवा काय राखू, दावं?"

बायकांसाठी वेगळी हवालात नव्हती. तिला माझ्याजवळ व्हरांड्यात बसवलं. मी तिला पाणी दिलं आणि विचारलं, "अक्का, एका माणसाला एवढे चाकू कामून?"

पाणी पिऊन तिने सांगितलं. त्यांच्यात ज्या घरची मेंढरं संपतात, त्या घराने चाकू ठेवून घ्यायचा नसतो. ज्याची मेंढरं अजून चालतात, त्याच्याकडे तो नेऊन द्यायचा. याला ते चाकू चालता ठेवणं म्हणतात. मागच्या काही वर्षांत कुणाची मेंढरं धावपळीत गेली, कुणी विकून सडकेच्या कामावर गेलं, कुणी शेतात राबायला लागलं. त्या बाजूला मेंढरं राहिली ती हिची. म्हणून बावीस घरचे चाकू हिच्याकडे आले. तेविसावा तिच्या घरचा. रोज सकाळी पट्ट्याच्या एका टोकाचा चाकू काढायचा, धार लावायची, करडईच्या तेलाचं बोट फिरवायचं, कमरेला बांधायचा. दिवसभर त्याच चाकूने खुरं, पाला, कांदा-भाकर. संध्याकाळी तो दुसऱ्या टोकाला खोचायचा. तेवीस दिवसांनी पुन्हा त्याची पाळी. त्यामुळे एकही गंजत नव्हता.

"हे साहेबाला का सांगत न्हाईस?"

"सांगितलं की म्हणंल, कुणाकुणाचे ते बी सांग. त्या घरात बी असेच सहा जण जातील. मी एकली बरी."

मी आत जाऊन जमादाराला हे सांगितलं. ते या मुलखाचेच होते, ऐकून मान हलवली. म्हणाले, "हौ, असंल. पण कागदावर कसं आणायचं? गवाह कोण?"

दुपारी चाकू मोजायला घेतले. प्रत्येकाचं पातं उघडून चार बोटं लावायची. पहिल्याच चाकूला भांडण झालं. जमादाराच्या बोटांनी पातं आखूड, मोहरीरच्या बोटांनी लांब.

"सरकारची बोटं कुणाची ते आधी ठरवा," अक्का व्हरांड्यातून म्हणाली. एका जवानाला हसू आलं, साहेबांनी त्याला बाहेर पाठवलं.

शेवटी मोहरीरची बोटं धरायचं ठरलं. पट्ट्यातल्या शेवटच्या चाकूला काम अडलं. तांब्याची तार गुंडाळलेला तो चाकू मोहरीरला उघडेना. जमादाराने ओढला, नख तुटलं. पंच म्हणून तो शिपाई शेजारीच उभा होता. "द्या हिकडं," म्हणाला. त्याने चाकू घेतला, मुठीचं मागचं टोक अंगठ्याने दाबून मनगटाला हलका झटका दिला. पातं उघडलं. हे करताना तो चाकूकडे बघतही नव्हता, साहेबांकडे बघत होता.

मी दारात उभी होते. माझ्या घरी मालकांची कात्री मला चालत नाही, ती त्यांच्याच हाताला वळते. हाताची सवय मला ओळखता येते. तोंडातून निघून गेलं, "साहेब, हा चाकू ह्यांच्या घरचा हाय."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. वाटलं, परत पोत्यावर जाऊन बसावं. बसले नाही.

"काय बी काय," शिपाई म्हणाला. "असाच उघडला."

"मग मिटवून जमादारांना द्या परत."

जमादाराला पुन्हा उघडला नाही. साहेबांनी स्वतः घेतला, दाबला, ओढला, टेबलावर आपटला. नाही उघडला. मग त्यांनी तो शिपायापुढे धरला. तो हात पुढे करेना.

"कुणाचा?" साहेबांनी विचारलं.

"बापाचा," तो म्हणाला.

"बाप काय करायचा याने?"

"खुरं कापायचा."

"हिच्याकडे कसा आला?"

"मीच दिला. बाप गेला, मेंढरं इकली, तवा."

"आणि सकाळी तूच खबर दिलीस?"

तो खाली बघत म्हणाला, "तीनदा मागितला, साहेब. माझ्या बापाचं दुसरं काय बी ऱ्हायलं न्हाई घरात. देईना ही. म्हणलं, मला न्हाई तर हिला बी नगं."

"मेंढरू घे मग ने, म्हणलं," अक्का बाहेरून बोलली. "कचेरीत काय कागदाची खुरं कापायलास?"

त्याचे डोळे भरले होते, म्हणून मी दुसरीकडे बघितलं.

साहेब हुशार होते, हे म्हटलं पाहिजे. हे चाकू हत्यार ठरले तर पहिला आरोपी सरकारी नोकर निघतो, आणि तोच पंच. त्यांनी सकाळचा कागद फाडला आणि नवा लिहायला लावला. त्यात चाकू धनगरी कामाचे, तेविसावा कमरेला उघड बांधलेला, असं आलं. या वेळी मोहरीरने न सांगता वाचून दाखवलं. मी माझं पूर्ण नाव लिहिलं, मराठीत, सावकाश.

"जा आता," साहेब अक्काला म्हणाले. "चाकू मालखान्यात राहतील. वरून हुकूम आला की ने."

"हुकूम कवा येईल?"

"येईल दोन-तीन महिन्यांत."

ती ठाण्याच्या पायरीवर बसली. "मग मी बी मालखान्यात ऱ्हाते. सुनेला सांगा, मेंढरं हिकडंच आण."

जमादार हळूच म्हणाले, "साहेब, ती आणील." साहेबांनी अंगणाकडे पाहिलं, स्वच्छ सारवलेल्या. मग किल्ली माझ्याकडे टाकली.

मी चाकू एकेक करून तिच्या पुढ्यात ठेवले. तिने ओळ तपासली, दोन चाकूंच्या जागा बदलल्या, पट्टा गुंडाळला. शिपाई फाटकाशी उभा होता. त्याच्याजवळून जाताना ती थांबली.

"उद्या तुझ्या बापाची पाळी हाय. यायचं तर ये मेंढरामागं. दिवसभर तुझ्या कमरंला बांध. सांजला माघारी दे."

तो गेला की नाही, मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

माझ्या नोकरीच्या कागदात साहेबांनी शेरा मारला, 'बाई उलट बोलते.' तो शेरा शेवटपर्यंत तसाच राहिला. बढतीच्या वेळी दोनदा आडवा आला. खोडून मिळावा म्हणून अर्ज कर, असं लोक म्हणायचे. मी केला नाही.

पुढे वर्दी मिळाली, शेकडो झडत्या घेतल्या. चोर पाहिले, खोटं बोलणाऱ्या बायकाही पाहिल्या. माणसाच्या कमरेला काय आहे यावरून माणूस कळत नाही, ते तिथे कशासाठी आहे हे विचारावं लागतं, आणि विचारायला वेळ द्यावा लागतो. आम्ही त्या दिवशी तेवीस चाकू मोजले, पण सकाळी एकानेही म्हातारीला ती खूर का कापतेय, हे विचारलं नव्हतं. मीही नाही. माझ्याकडून तेवढी चूक झाली, ती मी मान्य करते. उलट बोलले, ती चूक नव्हती.