क्लचमधली हवा

घमापुरच्या गॅरेजात आज ब्रेक ऑइलचा वास आला आणि आमचा जुना अबोला आठवला. रुसून मी नागपूरला माहेरी निघाले होते, पण गाडीच्या क्लचमध्ये हवा शिरलेली. आमचे हे गाडीखाली नळीतून ती हवा काढत, मी पेडलवर. बोलायचं नाही असा माझा बाणा, म्हणून न सांगताच पाय उचलायची आणि हवा पुन्हा आत!

"अवं, काहून मुकी बसून राहिली? दाबलं की सांग, मी म्हटल्यावर सोड."

"दाबलं!" मी खेकसले.

"अजून एकदा."

दुपारभर हेच. शेवटी मला हसू फुटलं आणि माहेर राहिलं.

आज मेकॅनिकनं तशीच हवा काढत, पाचेक वेळा दाबून क्लचचं पेडल कडक केलं.

"बस, हो गया?" मी विचारलं.

"हाँ अम्मा. नली में बुलबुले बंद, काम खतम."

म्हणजे त्या दुपारीही बुडबुडे केव्हाच थांबले असणार. गाडीखालचा लबाड माणूस मला नुसता बोलतं करून राहिला होता, आणि मी शहाणी ओरडत होते, "दाबलं हो, दाबलं!"