बाबांची दुर्बीण, न्यूझीलंडची तळी आणि एक चोर

डिसेंबरच्या सुट्टीत न्यूझीलंडला जायचं हे खरं तर आमच्या खिडकीबाहेरच्या कोकिळाने ठरवलं. सिंगापूरमध्ये पासिर रिसला राहणाऱ्यांना हा प्राणी चांगला ठाऊक आहे. उजाडायच्या आत तो बोंबलायला लागतो आणि अख्खा ब्लॉक त्याला शिव्या घालतो. शांत फक्त बाबा, पुण्याहून आमच्याकडे राहायला आलेले माझे वडील. जन्मभर गळ्यात दुर्बीण अडकवून पक्ष्यांमागे हिंडलेला माणूस, आणि तो खिडकीपर्यंतही उठून जाईना.

कारण मला माहीत होतं. गेल्या वर्षी आई गेली. दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवला आणि कावळा काही शिवेना. झाडावर ढीगभर बसलेले, एकाला खाली यायची इच्छा नाही. आईचं काय राहिलं असेल ते ओळखायची मग स्पर्धाच लागली. मामा म्हणाला, इराचं लग्न थाटात करू. इरा म्हणजे माझी लेक, तेव्हा अकरा वर्षांची. काकू म्हणाली, "भावजी, आता तुम्हीच काहीतरी कबूल करा." बाबांना काही सुचेना. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि मंडळी जेवायला गेली. ज्याने पक्ष्यांसाठी आयुष्य घालवलं, त्याला एका कावळ्याने चारचौघांत तोंडघशी पाडलं. त्या दिवशी दुर्बीण कव्हरमध्ये गेली ती गेलीच. ती बाहेर यावी एवढाच माझा बेत होता. तळी आणि फियॉर्ड आपले निमित्ताला.

चांगी विमानतळावरून रात्री निघालो, दुर्बीण इराच्या सॅकमध्ये, सकाळी क्राइस्टचर्च. जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा, खाण्याचं जे काही बरोबर असेल ते कस्टम्सला आधीच सांगून टाका. तिथल्या बाईंनी मेतकुटाचा वास घेतला आणि माझ्याकडे फार दयेने बघितलं. मेथ्या बी म्हणून कचऱ्यात गेल्या, भाजणी पीठ म्हणून सुटली. तोवर माझा नवरा निखिल भाड्याच्या गाडीसाठी मिळेल तो सगळा इन्शुरन्स विकत घेत होता. तो बँकेत रिस्क सांभाळतो, घरीही तेच करतो. गाडी चालवायला सोपं आहे, सिंगापूरसारखंच डावीकडून. त्रास वेगळाच होतो. बराच वेळ दुसरी गाडी दिसली नाही की आपल्यासारख्या माणसाला वाटतं, रस्ता बंद असणार आणि ते फक्त आपल्यालाच कळलेलं नाही.

टेकापो तळ्याचं पाणी धुण्यात नीळ जास्त पडावी तसं निळं आहे. वाटेतल्या गावांतल्या बेकऱ्यांमधली 'पाय', म्हणजे सारण भरलेली खारी, खा, स्वस्त पडते आणि पोट भरतं. आम्ही सगळे काठावर धावलो. बाबा गाडीत बसून क्रिकेटचा स्कोअर बघत होते.

वानाकाला मी हुकमी पान टाकलं. तळ्यात शेंडीवाल्या पाणडुब्या पोहत होत्या, एकीच्या पाठीवर पिल्लं बसलेली. "बाबा, बघा तरी!"

"छान आहे," बाबा म्हणाले. मान मात्र वळली नाही.

दुपारी तिथेच फिश अँड चिप्स मागवले. बाबांनी बरोबर अर्धे खाल्ले आणि ताट बाजूला सारलं. आईला हॉटेलात कधी भूक नसायची. "मला काही नको" म्हणायची, आणि बाबांची डिश आली रे आली की हिचा हात त्यांच्या ताटात. बाबा दर वेळी वैतागायचे, "स्वतःचं मागवायला काय होतं गं तुला?" ती खुशाल खात राहायची.

'ते आनाऊ' नावाच्या गावातल्या मोटेलमध्ये मी पहाटे थालीपिठं लावली आणि धुराचा अलार्म वाजला. मालक पायजम्यात धावत आला, दोन थालीपिठं खाऊन गेला. इथेच पेट्रोल भरून घ्या, महाग असलं तरी. पुढे मिलफर्डपर्यंत पंप नाही, फोनही लागत नाही. वाटेत गन नावाच्या तळ्यापाशी गाडी लावून जंगलातली छोटी पायवाट चाला. शेवाळ्याने सगळं मढलेलं, आणि एक नाचण पक्षी आमच्या पुढेमागे शेपटीचा पंखा उघडत नाचत होता. बाबांनी डोक्यावरून हात फिरवून त्याला हाकललं, सँडफ्लाय, म्हणजे तिथली चावरी माशी, समजून. सँडफ्लायही आहेत, मलम न्याच. पण मी आशा सोडली ती तिथे.

पुढे होमर बोगदा. अरुंद आहे म्हणून तोंडाशी सिग्नल. गाड्यांची रांग थांबलेली, म्हणून मी डबा उघडला आणि सगळ्यांच्या हातात एकेक थालीपीठ दिलं. बाहेर पाटी, किआला खायला घालू नका. किआ म्हणजे डोंगरातला हिरवा पोपट, आकाराने कोंबडीएवढा, वागणुकीने गुंड. एक आमच्या बॉनेटवर उतरला आणि वायपरचं रबर सोलायला लागला.

"हे इन्शुरन्समध्ये बसतं का?" निखिल पुटपुटला.

किआ उडी मारून बाबांच्या उघड्या खिडकीवर आला. इरा मागून तिच्या सिंगापुरी इंग्रजीत किंचाळली, "आजोबा, डोंट फीड हिम लाह! फाइन होईल!"

"मी कुठे देतोय?" बाबा म्हणाले.

माझीही काच उघडी होती, हातात अख्खं थालीपीठ होतं. त्याकडे ढुंकूनही न बघता त्याने बाबांच्या हातातलं अर्धं खाल्लेलं हिसकावलं आणि टपावर जाऊन बसला.

"अगं, स्वतःचं..." बाबा सवयीने ओरडले आणि थांबले.

मग बाबा हसायला लागले. हसता हसता डोळे पुसायला लागले. "दहाव्याला तिच्यासाठी वेगळं पान वाढलं होतं आपण," ते म्हणाले. "तिला वेगळं पान कधी चाललंय? माझ्या पुढ्यातलं ठेवायला हवं होतं."

मी रडले, अगदी मोठ्याने. सिग्नल हिरवा झाला, पण टपावर तो गुंड बसलेला, त्यामुळे निखिल गाडी हलवेना. मागचेही सगळे खाली उतरून फोटो काढत होते.

"इरा," बाबा म्हणाले, "दुर्बीण दे बघू."

मिलफर्ड साउंड म्हणजेच तो फियॉर्ड, तिथे समुद्र डोंगरांच्या आत शिरलाय आणि वरून धबधबे कोसळतात. बोटीचं बुकिंग आधी करा. बाबांनी यातलं काहीही पाहिलं नाही. ते अख्खा वेळ डेकवर वाकून एका साध्या सीगलकडे बघत होते. परतीच्या वाटेवर प्रत्येक तळ्यापाशी "थांब, थांब" सुरू झालं. निखिल म्हणाला, आधीचे बाबा परवडले.

आता पासिर रिसला पहाटे कोकीळ ओरडतो आणि बाबा खिडकीतून त्याचा ठावठिकाणा मोठ्याने जाहीर करतात. ब्लॉकला शिव्या घालायला दोघं मिळालेत. फोटो शेकड्यांनी काढलेत, अजून कुणी बघितलेले नाहीत.

काल बाबांबरोबर खाली हॉकर सेंटरला, खाण्याच्या गाळ्यांच्या बाजारात, गेले. त्यांनी पराठा घेतला. "तुला?" त्यांनी विचारलं. मला भूक नव्हती, काही नको म्हटलं. ते टेबलाखालच्या साळुंक्या बघत बसले, मी फोन बघत बसले. आणि माझ्याही नकळत माझा हात त्यांच्या ताटात गेला.

बाबांनी ताट झटकन आपल्याकडे ओढलं.

"स्वतःचं मागवायला काय होतं गं तुला?"